कोनाडा की योगायोग? : सहअस्तित्वाच्या दोन सिद्धांतांविषयी

१

आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीत तीन कोनाडे होते. एकात दिवा, एकात देवाची पोथी आणि तिसऱ्यात आजीचे पानसुपारीचे तबक. घर पाडून स्लॅबचे बांधले तेव्हा कोनाडे गेले. पुढे नोकरीच्या काळात कर्जत लोकलच्या दोन-दोन तासांच्या प्रवासात मी परिस्थितिकीशास्त्राची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा 'निश' हा शब्द वारंवार भेटू लागला. निश म्हणजे मुळात भिंतीतला कोनाडा, हे कळल्यावर हे शास्त्र मला एकदम ओळखीचे वाटले. प्रत्येक वस्तूला तिची जागा असते, तशी प्रत्येक सजीवालाही असते, हे पटायला आजीच्या तबकाची आठवण पुरेशी होती.

ते इतके सहज पटायला नको होते, असे आता वाटते.

मी या शास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी, तीस वर्षांची नोकरी आणि सुटीच्या दिवशी कर्जत-खालापूरच्या डोंगरांतली भटकंती एवढेच माझे भांडवल. परंतु एका प्रश्नाने माझी बरीच वर्षे घेतली आहेत. एकाच उतारावर, एकाच मातीत आणि एकाच पावसात इतक्या प्रकारची झाडे शेजारी शेजारी कशी नांदतात? त्यांतले सर्वांत जोरकस झाड बाकीच्यांना हुसकून का लावत नाही? शास्त्राने याची दोन मोठी उत्तरे दिली आहेत. त्या दोहोंची तपासणी मला येथे करायची आहे. त्यांतले एक उत्तर आपल्याच मुलखातल्या माणसांना लावून पाहिले गेले आहे, आणि खरे तर त्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

२

पहिले उत्तर कोनाड्याचे. अमेरिकेतल्या जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ साली कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याविषयी लिहिताना हा शब्द वापरला, तो 'कोठे राहतो' या अंगाने. इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये त्याचा रोख 'काय करतो' याकडे वळवला. एल्टन यांचा दाखला लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावात पाद्री दिसला की त्याचे गावातले काम आपल्या मनात येते, तसे एखादा प्राणी दिसला की त्याचे समूहातले काम मनात यावे, अशा आशयाचे ते सांगतात. म्हणजे प्राण्यांचा कोनाडा समजावण्यासाठी त्यांनी माणसांच्या गावातला व्यवसाय उसना घेतला. या उसनवारीकडे आपण पुढे परत येऊ.

रशियाच्या गाउझ यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच अन्नावर वाढवलेल्या पॅरामिशियमच्या दोन जातींपैकी एकीने दुसरीचा निकाल लावला. त्यातून नियम निघाला, तो असा की अगदी सारख्या गरजा असलेल्या दोन जाती एका जागी टिकत नाहीत. टिकल्या असतील तर त्यांच्या गरजांत कोठेतरी फरक असला पाहिजे. रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ साली सूचिपर्णी वृक्षांवर चरणाऱ्या वटवट्यांच्या कुळीतल्या पाच जाती पाहिल्या. कोणी शेंड्याला, कोणी मधल्या फांद्यांत, कोणी बुडाशी किडे शोधत होती. तो शोधनिबंध या विचाराचे आदर्श उदाहरण ठरला. त्याच्या आदल्या वर्षी एव्हलिन हचिन्सन यांनी कोनाड्याला गणिती रूप देताना एक महत्त्वाचा भेद केला होता. प्रतिस्पर्धी नसताना जाती जेथे जेथे जगू शकेल तो तिचा मूलभूत कोनाडा, आणि इतरांच्या दाबामुळे तिच्या वाट्याला उरतो तो प्रत्यक्ष कोनाडा.

हे सारे वाचल्यावर मी आमच्या डोंगरांत पाच वटवटे शोधू लागलो आणि मला ते सापडलेही. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा आणि अर्जुन ही पाचही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीची, टर्मिनॅलियाची. अर्जुन ओढ्या-नद्यांच्या काठाला. हिरडा माथेरान-भीमाशंकरच्या बाजूला चढत जावे तसा अधिक भेटणारा. बेहड्याचे फळ गराचे, जनावरांनी खाऊन बी दूर टाकावे असे. ऐन आणि किंजळ यांच्या फळांना पंख, वाऱ्यावर स्वार होणारे. पाच भावांनी वाटणी करून घ्यावी तशी ही मांडणी मी वहीत लिहून ठेवली आणि पुष्कळ दिवस त्या वहीवर खूष होतो.

अडचण आली ती ऐन आणि किंजळ यांच्यापाशी. दोन्ही पानझडी, दोन्ही उंच, दोघांचेही बी वाऱ्याने जाणारे, आणि आमच्या उतारांवर दोन्ही एकमेकांत मिसळलेली. फरक आहेत. ऐनाच्या फळाला पाच पंख, किंजळाच्या फळाला एक मोठा आणि दोन लहान. ऐन पावसाच्या तोंडावर फुलतो, किंजळ पाऊस ओसरू लागल्यावर. ऐन देशभरच्या कोरड्या रानांतही आहे, किंजळाला ओलसर पश्चिम बाजू मानवते. परंतु यांपैकी कोणत्या फरकामुळे ती दोघे एका उतारावर नांदतात? कोणताही फरक उचलावा आणि 'हेच कारण' म्हणावे, असे मी करत होतो. फरक सापडणारच, कारण दोन जाती म्हटल्या की फरक आलेच. ते फरक सहअस्तित्वाचे कारण आहेत हे दाखवणे निराळे काम आहे.

जोसेफ कॉनेल यांनी १९८० मध्ये या सवयीला एक मार्मिक नाव दिले, ते मराठीत 'गतस्पर्धेचे भूत' असे म्हणता येईल. आज दोन जाती भांडताना दिसत नाहीत. मग त्या पूर्वी भांडल्या असतील आणि वाटणी करून शांत झाल्या असतील, असे आपण म्हणतो. भांडण दिसले तरी सिद्धांत खरा, न दिसले तरी खरा. असा सिद्धांत चुकीचा ठरण्याची शक्यताच उरत नाही.

३

दुसरे उत्तर या अतिआत्मविश्वासावरचा उतारा म्हणून आले. पनामा कालव्यासाठी तलाव भरला तेव्हा एक टेकडी बेट होऊन राहिली, तिचे नाव बारो कोलोराडो. तेथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास ५० हेक्टरांचा तुकडा आखून एक सेंटिमीटरहून जाड असलेले प्रत्येक खोड मोजायला घेतले. दोन लाखांहून अधिक खोडे आणि सुमारे ३०० जाती. तीनशे जातींसाठी तीनशे कोनाडे कोठून आणायचे? झाडाला लागते काय, तर ऊन, पाणी, माती आणि उभे राहायला जागा.

हबेल यांनी २००१ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात उलटे गृहीतक धरले. समान पातळीवर जगणाऱ्या सर्व जातींच्या प्रत्येक झाडाला जन्माची, मरणाची आणि बी दूर जाण्याची सारखीच संधी आहे असे समजा. एक झाड पडले की रिकामी जागा कोण घेईल, हे आसपास कोणाची किती झाडे आहेत आणि बाहेरून कोणाचे बी आले यावर ठरेल. म्हणजे जवळजवळ सोडतीवर. या खेळात प्रत्येक जाती कधी ना कधी नष्ट होते, पण फार सावकाश, आणि तोवर नव्या जाती येत राहतात. रानातली विविधता हा कायमचा तह नसून संथ उलाढाल आहे, असा याचा अर्थ. यालाच तटस्थता सिद्धांत म्हणतात. जपानच्या मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये रेण्वीय उत्क्रांतीविषयी असाच विचार मांडला होता, आणि मॅकआर्थर-विल्सन यांच्या १९६७ च्या द्वीपसिद्धांतातही जातींची ओळख बाजूला ठेवून केवळ संख्येचा हिशेब होता.

धक्का असा बसला, की इतक्या उघड खोट्या गृहीतकातून काढलेले आकडे खऱ्या रानाशी बरेच जुळले. थोड्या जाती मुबलक आणि बऱ्याच जाती दुर्मीळ, हे चित्र कोणत्याही कोनाड्याशिवाय निघाले.

टीकाकारही स्वस्थ बसले नाहीत. ब्रायन मॅकगिल यांनी २००३ मध्ये दाखवले की जुनी साधी वक्ररेषा त्याच आकड्यांना तितकीच किंवा अधिक चांगली जुळते. तेव्हा जुळणे हा पुरावा पुरेसा नाही. शिवाय निव्वळ सोडतीने एखादी जाती इतकी मुबलक व्हायची तर तिचे वय अविश्वसनीय इतके मोठे निघते. आपल्याकडचा दाखला मुदुमलाईचा आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तेथे ५० हेक्टरांचा तुकडा आखला. झाडे आपल्या ओळखीची आहेत : साग, धावडा, नाणा आणि आपला ऐनदेखील. आरंभी तेथे वारंगाची झाडे फार होती. हत्तींनी ती निवडून मोडली-खाल्ली आणि काही वर्षांतच त्यांची संख्या कोसळली. हत्ती सोडत काढत नाही. त्याला वारंगच हवा असतो.

४

मग निर्णय कोणाच्या बाजूने? पीटर चेसन यांनी २००० साली केलेली मांडणी मला सर्वांत समंजस वाटते. ते म्हणतात, दोन गोष्टी वेगळ्या मोजा. एक, जातींच्या ताकदीतला फरक. तो जितका कमी तितकी एकीने दुसरीला संपवण्याची क्रिया मंद. दुसरी, प्रत्येक जातीला स्वतःच्याच गर्दीचा होणारा जाच. परक्यांपेक्षा आपल्याच भाऊबंदांची अडचण अधिक होत असेल, तर मुबलक जाती आपोआप आवरली जाते आणि दुर्मीळ जातीला वाव मिळतो. ताकदीतला फरक मोठा असेल तर स्वतःला आवरणाराही जोर मोठा लागतो. फरक थोडा असेल तर थोडा पुरतो. हबेल यांचे रान म्हणजे ज्यात दोन्ही शून्य आहेत असे टोक. खरी राने मध्ये कोठेतरी असतात. तेव्हा 'कोनाडा की योगायोग' हा प्रश्न 'कोठे, किती' असा विचारावा लागतो.

ऐन-किंजळांना हा प्रश्न विचारायला गेलो, तेव्हा एका ठाकर म्हाताऱ्याने मला निराळ्याच वाटेला लावले. मी खोडांना दोरी गुंडाळून घेर मोजत होतो. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, झाडं मोजताय, पर कोयता कुठं मोजला?"

कोयता म्हणजे राब. भाताचे रोप टाकण्याआधी दाढीच्या जमिनीवर झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून भाजतात, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. ऐन आणि किंजळ दोन्ही राबासाठी छाटले जातात आणि दोन्ही पुन्हा फुटतात. हिरडा फळासाठी राखला जातो. सागावर सरकारी हक्काचा मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमलात ठाणे-कुलाब्यात राबावर निर्बंध आले तेव्हा रयतेत एवढा असंतोष माजला, की सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्यानंतर रानाच्या लाकडाचा कोळसा झाला, खोडे बुडापासून तोडली गेली आणि फुटव्यांतून पुन्हा रान उभे राहिले. मी ज्याला निसर्गाची वाटणी समजत होतो, तिच्यातला काही भाग कोयत्याचा आणि कायद्याचा होता. कोनाड्याच्या सिद्धांतात त्याला खास जागा नाही आणि सोडतीच्या सिद्धांतातही नाही. दोन्ही सिद्धांत सहसा हे विचारत नाहीत, की या रानाचे आधी काय झाले आहे.

त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. कोनाड्याची गोष्ट सुचली की आधी विचारायचे : निव्वळ योगायोगाने असे घडले असते का? आणि मग विचारायचे : येथे कोणाचा कोयता चालला आहे?

५

आता त्या उसनवारीकडे येतो. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत सजीवांच्या 'स्पीशीज'ला 'जाती' म्हणतात. आपल्या भाषेत वनस्पतीची जाती आणि माणसाची जात यांत एका वेलांटीचे अंतर आहे. १९८३ साली माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी मानवी जीवशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने ते अंतर ओलांडले. भारतीय जाती आपसांतच लग्ने करतात, प्रत्येकीचा प्रदेश मर्यादित आहे आणि उपजीविका वंशपरंपरेने ठरलेली आहे. म्हणून त्यांची तुलना सजीवांच्या जातींशी आणि समाजाची तुलना जीवसमूहाशी करता येईल, प्रत्येक जातीला तिचा कोनाडा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. एका मुलखात राहणाऱ्या जातींनी नैसर्गिक साधने अशा रीतीने वाटून घेतली होती की स्पर्धा टळली, आणि एखादे साधन पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याच्या हाती राहिल्यामुळे ते जपून वापरण्याच्या परंपरा रुजल्या, असा त्यांचा निष्कर्ष.

यामागे पक्के क्षेत्रकार्य होते, हे आदराने नोंदवले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींची शिकार त्यांच्या अभ्यासात आहे. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. फासेपारधी फासे लावून हरणे आणि पक्षी. वैदू सापळ्यांनी मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान प्राणी. सह्याद्रीच्या माथ्याला गवळी धनगर म्हशी राखत, खाली दऱ्यांत कुणबी शेती करत, आणि दूध-तूप व धान्य यांची देवघेव होई. मॅकआर्थर यांच्या पाच वटवट्यांइतकेच हे चित्र देखणे आहे. पुढे गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या १९९२ च्या ग्रंथातून ते दूरवर पोहोचले.

माझी हरकत निरीक्षणांना नाही, त्यांवर बसवलेल्या स्पष्टीकरणाला आहे. तिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग गतस्पर्धेच्या भुताचा. आज वाटणी दिसते, म्हणून ती स्पर्धा टाळण्यासाठी झाली असणार, हा तोच तर्क आहे जो मी ऐन-किंजळांवर चालवत होतो. झाडांच्या बाबतीत भूतकाळ मुका असतो, तेव्हा तर्काला थोडी सूट देता येईल. माणसांचा भूतकाळ कागदांत आहे, स्मरणात आहे. तो विचारता येतो.

दुसरा भाग निवडीचा. निबंधाने स्वतःला नैसर्गिक साधनांवर थेट जगणाऱ्या जातींपुरते मर्यादित ठेवले. त्यामुळे ज्यांना रानात उतरावे लागत नाही, पण ज्यांचा वाटा प्रत्येकाच्या पदरातून जातो, ते खोत आणि सावकार चित्राबाहेर राहिले. जीवसमूहाचे वर्णन करताना शिकारी वगळले तर सगळे शांत दिसणारच.

तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो हचिन्सन यांच्याच भेदातून निघतो. माणसाचा मूलभूत कोनाडा केवढा आहे? वैदूचा मुलगा नांगर धरू शकतो, कुणब्याचा मुलगा म्हशी राखू शकतो, आणि दोघेही वकिली करू शकतात. जन्मतः प्रत्येकाचा मूलभूत कोनाडा म्हणजे अख्खे गाव. प्रत्यक्ष कोनाडा जो अरुंद होतो, तो कशाने? आमच्याच जिल्ह्यात याचे उत्तर आहे. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि सत्याग्रही त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्या दिवसापर्यंत एखादा परिस्थितिकीतज्ज्ञ महाडला आला असता, तर निरनिराळ्या जाती निरनिराळ्या पाणवठ्यांवर जातात आणि पाण्याची स्पर्धा टळते, अशी नोंद त्याने केली असती. नोंद खरी असती आणि स्पष्टीकरण भयंकर. जातीव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा आंबेडकरांचा १९३६ चा युक्तिवाद शास्त्राच्या भाषेत सांगायचा तर एवढाच आहे : येथे मूलभूत आणि प्रत्यक्ष यांतले अंतर दंडुक्याने राखले जाते.

लेखकांनी जातीचे समर्थन केले असे मी म्हणत नाही. साधनांचा पाया ढासळल्यावर ही परस्परपूरकता मोडली आणि संघर्ष वाढले, हेही त्यांनी नोंदवले आहे. दोष उसनवारीत आहे. एल्टन यांनी गावातला व्यवसाय उचलून प्राण्याला दिला. साठ वर्षांनी तोच व्यवसाय निसर्गाचा शिक्का घेऊन आपल्या गावात परतला. मध्यंतरी तो मूळचा माणसानेच ठरवलेला होता, याचा विसर पडला.

६

मग तटस्थता सिद्धांत माणसांना अधिक लागू पडतो काय? वर्णन म्हणून मुळीच नाही. सर्वांना सारखी संधी आहे हे आमच्या तालुक्यात कोणी म्हणणार नाही. त्याचा उपयोग मापाच्या काठीसारखा आहे. सर्वांना सारखी संधी असती तर काय दिसले असते ते मांडावे आणि जे दिसते ते त्याच्याशेजारी ठेवावे. जो फरक उरेल त्याचे कारण द्यायची जबाबदारी आपली.

कातकऱ्यांचे उदाहरण घ्या. खैराच्या लाकडाचा कात करणारे म्हणून हे नाव. १८७८ चा वन कायदा आला, राने राखीव झाली, खैर हातचा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या. त्याही गेल्या आणि वीटभट्ट्या आल्या. आज महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांत कातकरी आहेत, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. आमच्याकडे डोंगरउतारावर ठाकर, माथ्यालगत धनगर, सखल भातशेतीत कुणबी-आगरी आणि भट्टीवर कातकरी, असे चित्र पाहून कोणालाही चार कोनाडे दिसतील. पण कातकऱ्याचा आजचा कोनाडा काही पिढ्यांत तीनदा बदलला आहे, आणि तिन्ही वेळा तो त्याने निवडलेला नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकरांची वाडी. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. त्या दिवसांत चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले, "ही माणसं डोंगरावरचीच, त्यांची जागाच ती." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्यांनी गाउझ किंवा हचिन्सन वाचले नव्हते. पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते हा विचार वाचावा लागत नाही, तो आपल्या भिंतींतच असतो. मी स्वतः आजीच्या तबकावरून तो किती झटकन मान्य केला होता, ते त्या दिवशी आठवले. कोनाड्यातली वस्तू तेथे का आहे हे विचारताना कोनाडा कोणी ठेवला हेही विचारायचे असते, हे मला पुस्तकांतून कळायला बरीच वर्षे लागली.

ऐन आणि किंजळ एका उतारावर का नांदतात, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. दिवाळीच्या सुमाराला किंजळाच्या झुबक्यांना तांबूस रंग चढतो आणि तो ऐनापासून लांबूनही ओळखू येतो, म्हणून दरवर्षी या दिवसांत मी वही घेऊन जातो. वाटेत कातकरवाडीपाशी टेंपो उभे असतात. भांडीकुंडी, कोंबड्या, लहान मुले चढवली जात असतात; उचल आधीच खर्च झालेली असते, आणि भट्टी पावसाच्या तोंडापर्यंत चालते. वहीत ऐन-किंजळांसाठी पाने कोरी ठेवली आहेत. टेंपोच्या प्रश्नासाठी तशी कोरी पाने ठेवायची गरज नाही, त्याची कारणे गावात सर्वांना ठाऊक आहेत.